उड्डाण आणि अवतरण

विमानविद्येच्या इतिहासांत उड्डाणांचे दिवस ठळक अक्षरांनीं नोंदले जातात. अवतरणांची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः वैमानिकाची कसोटी आकाशापेक्षां भूमीच्या सान्निध्यांतच अधिक लागते. ॲमी जॉन्सन या आंग्ल विदुषीच्या १९३० सालच्या प्रवासांत ही गोष्ट स्पष्ट दिसते.

५ मे १९३० रोजीं जॉन्सनबाई क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियास एकट्या निघाल्या. ‘जेसन’ हें त्यांचें जिप्सी मॉथ जातीचें हलकें विमान जुनेंच विकत घेतलेलें होतें. लंडनमध्यें एका वकिलाच्या कचेरींत टंकलेखन करणाऱ्या या बाईंना वैमानिकाचा परवाना मिळून वर्षही झालें नव्हतें. उड्डाणाचा अनुभव शंभर तासांच्या आंतला. तोंपर्यंतचा सर्वांत लांबचा प्रवास लंडनहून हलपर्यंतचा! तरीही सहाव्या दिवशीं त्या कराचीस पोहोंचल्या, तेव्हां १९२८ सालच्या हिंकलर यांच्या विक्रमाच्या त्या दोन दिवस पुढें होत्या.

येथून पुढें अवतरणांनीं त्यांस दगा दिला. अलाहाबादच्या वाटेवर पेट्रोल संपत आल्यामुळें त्या झांशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरल्या. विमान बराकींत शिरून पंखास इजा झाली. रंगूनचें शर्यतीचें मैदान शोधतांना त्या इनसीन येथील तंत्रशाळेच्या क्रीडांगणावर उतरल्या, आणि विमान चरांत गेलें. दुरुस्तींत दिवस गेले व विक्रम हुकला. तथापि २४ मे रोजीं त्या डार्विनला पोहोंचल्या. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीनें उडत जाणारी ही पहिलीच स्त्री. साऱ्या जगानें त्यांचा जयजयकार केला.

अवघ्या पांच दिवसांनीं, २९ मे रोजीं, ब्रिस्बेनच्या ईगल फार्म मैदानावर प्रचंड जनसमुदाय त्यांची वाट पाहत होता. विमान मैदानावरून पुढें निघून गेलें, कुंपणास अडखळलें आणि पलीकडे उलथें पडलें. सुदैवानें बाईंस इजा झाली नाहीं.

याचें कारण गूढ नाहीं. त्या काळच्या मॉथला ब्रेक नसत. इंजिन मंद करून विमान हळूहळू खालीं आणावयाचें, आणि अंतराचा अदमास डोळ्यांनींच घ्यावयाचा. उंची किंवा वेग किंचित् जास्त राहिला, कीं असें हलकें विमान जमिनीलगत तरंगत राहतें आणि तेवढ्यांत मैदान संपतें. अशा वेळीं इंजिनास पुनः जोर देऊन वर चढावें व फेरी घालून दुसऱ्यांदा उतरावें, हा राजमार्ग. येथें अदमास चुकला, आणि ही चूक चालकाचीच होती, यंत्राची नव्हे.

मग या चुकीचा अर्थ काय लावावा? स्त्रियांस विमान झेपत नाहीं, असें म्हणणाऱ्यास हा प्रसंग हवाच असतो. उलट भक्तजन तो इतिहासांतून वगळूं पाहतात. दोघेही सत्यास पारखे होतात. १९२९ च्या डिसेंबरांत बाईंनीं विमान-अभियंत्याचाही परवाना मिळविला होता. तो मिळविणारी ती पहिलीच ब्रिटिश स्त्री. यंत्राचें ज्ञान कारखान्यांत निष्ठेनें कष्ट केल्यास थोड्या महिन्यांत साधतें. अवतरणाचें कसब मात्र शेंकडों वेळां उतरल्यावांचून हातांत मुरत नाहीं, आणि त्यास पर्याय म्हणून धैर्य चालत नाहीं. त्यांत आठवड्यांचा शीण, वाटेवरचे सत्कार व डोळे लावून बसलेली गर्दी यांची भर! झांशी, इनसीन व ब्रिस्बेन या तिन्ही ठिकाणीं निमित्तें निराळीं होतीं. पण अनुभवाची उणीव तिहींच्या तळाशीं होती.

‘जेसन’ आज लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत आहे. तें पाहणारानें डार्विनबरोबर ब्रिस्बेनचेंही स्मरण ठेवावें. त्यानें बाईंची कीर्ति उणावत नाहीं. केवढ्या अल्प शिदोरीवर त्यांनीं केवढें अंतर कापलें, हें त्यामुळेंच कळतें. आणि त्यांच्या मागून येणाऱ्या नवशिक्यास धैर्याच्या कथेपेक्षां ही चुकीची कथाच अधिक उपयोगी पडेल.