गिरणगावाचा पुनर्विकास : जमिनीच्या वाटणीचा इतिहास

प्रस्तावना :
मुंबईच्या औद्योगिकीकरणाचा आरंभ कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कापड गिरणीपासून मानला जातो. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या परिसरात 'गिरणगाव' आकारास आले. कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांनी ते वसविले. प्रस्तुत लेखात या परिसराच्या पुनर्विकासाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

संमिश्र वस्तीची परंपरा :
निवास, व्यवसाय व करमणूक यांचा एकाच परिसरात मेळ घालणे ही आधुनिक नगररचनेची संकल्पना मानली जाते. वस्तुतः गिरणगावात ती पूर्वीपासूनच अस्तित्वात होती. गिरणीच्या भोंग्याच्या अंतरात चाळ, बाजार, व्यायामशाळा, भजनी मंडळे व खाणावळी होत्या. खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाद्वारे संघटित केले. म्हणजेच गिरणीबाहेरील अर्थव्यवस्थाही गिरणीवरच अवलंबून होती.

संप आणि नियम ५८ :
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि यंत्रांपेक्षा जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार या जमिनीची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी ठरली : मोकळ्या जागांसाठी महानगरपालिका, सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडा आणि विकासासाठी मालक. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने एकत्रित नियोजनाचा आराखडा मांडला. परंतु तो अमलात आला नाही.

२००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती मर्यादित केली. गिरण्यांची बहुतांश जमीन इमारतींखाली असल्याने सार्वजनिक वाटा आपोआप आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या अन्वयार्थास नकार दिला. तथापि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

परिणाम :
फिनिक्स गिरणीच्या जागी व्यापारी संकुल आले. कमला मिलच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे आली. तेथे डिसेंबर २०१७ मधील आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. कामगारांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये घरांची सोडत काढली. परंतु अर्जदारांच्या तुलनेत घरे अत्यल्प होती.

निष्कर्ष :
नव्या गिरणगावातही निवास, व्यापार व करमणूक एकत्र आहेत. त्या अर्थी ते संमिश्रच आहे. बदलला आहे तो त्यात राहू शकणारा वर्ग. जमिनीचा वापर संमिश्र झाला म्हणून वस्ती संमिश्र होत नाही. जुनी धुराडी जतन करणे इष्टच आहे. तथापि त्यांच्या छायेत कोणी राहावे हा प्रश्न नियमावलीतील एका शब्दाच्या अर्थाने निकाली निघाला, याची नोंद इतिहासाने घेणे अगत्याचे आहे.