कृपया शेवट सांगू नका

रहस्यकथेचा शेवट दुसऱ्याला सांगायचा नाही हा आज शिष्टाचार मानला जातो. कोणी तो मोडला तर मित्रमंडळींत खरोखर राग येतो. हा संकेत दीडशे वर्षांहून जुना आहे. लेखक, नाटक कंपन्या आणि चित्रपटगृहे यांनी आपल्या गरजेपोटी तो रुजवला आणि प्रेक्षकांनी पुढे तो आपलासा केला. त्याच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जी रहस्ये जपायला सांगितली गेली, त्यांतली बरीचशी नवरा-बायकोच्या नात्यातली आहेत. दरोडेखोर बाहेरून येतो आणि त्याच्यासाठी दाराला कडी घालता येते. संसारातल्या फसवणुकीत मात्र संशयित घरातच राहतो, त्याच ताटावर जेवतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणे हे दुसऱ्याचे कर्तव्य मानलेले असते. पडद्यावरच्या पात्राइतकाच प्रेक्षकही इथे गाफील असतो.

या प्रकाराचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडतो. विल्की कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी 1859 ते 1860 या काळात चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पैशासाठी केलेले लग्न, एका स्त्रीची ओळखच पुसून टाकण्याचा डाव आणि वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंती हा तिचा विषय होता. तो वाचकांना दूरचा वाटला नाही, कारण लग्नानंतर स्त्रीची बहुतेक मालमत्ता पतीच्या ताब्यात जावी असाच त्या वेळचा इंग्रजी कायदा होता. तो बदलायला 1870 आणि 1882 चे कायदे यावे लागले. आठवड्याआठवड्याने वाढत गेलेले हे रहस्य 1860 मध्ये पुस्तकरूपाने आले, तेव्हा कॉलिन्स यांनी प्रस्तावनेत समीक्षकांपुढे थेट प्रश्न ठेवला: गोष्ट आधीच सांगून टाकल्याशिवाय तिची स्तुती किंवा निंदा करता येणार नाही का? संकेताची ही पहिली ठळक मागणी म्हणता येईल. ती सामान्य वाचकाकडे नव्हे, परीक्षण लिहिणाऱ्याकडे केलेली होती.

प्रेक्षकाकडे ही मागणी वळली ती विसाव्या शतकात. ‘द बॅट’ या अमेरिकी नाटकावरून 1926 मध्ये मूकपट निघाला. त्याच्या सुरुवातीलाच गुन्हेगाराची ओळख बाहेर सांगू नका, अशी विनंतीची पाटी झळकत होती. लंडनमध्ये या विनंतीला विधीचेच स्वरूप आले. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ मुळात 1947 मध्ये राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेली श्रुतिका होती. तिचे नाटक 25 नोव्हेंबर 1952 रोजी लंडनच्या अँबॅसडर्स थिएटरमध्ये आले आणि 1974 मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये गेले. करोनाच्या साथीमुळे मार्च 2020 मध्ये त्यात खंड पडेपर्यंत ते अखंड चालू होते. बर्फाने वेढलेल्या अतिथिगृहाचे मालक म्हणजे एक नवे जोडपे. खुनी घरात आहे हे कळताच दोघे एकमेकांकडेच संशयाने पाहू लागतात. लग्नाला जेमतेम वर्ष झालेल्या माणसाविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक आहे, ही जाणीव हे या नाटकाचे खरे भय आहे. खुनी कोण हे कोडे त्यापुढे दुय्यम ठरते. पडदा पडल्यावर कलाकारांपैकी एक जण पुढे येऊन रहस्य आपल्यापाशीच ठेवण्याची विनंती करतो. प्रेक्षक असे गुपितात सामील होतात आणि नाटकाचे अर्धे यश त्या सामील होण्यात आहे.

चित्रपटांत हा संकेत कळसाला पोहोचला तो 1955 ते 1960 या पाच वर्षांत. फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो यांचा ‘ले दियाबोलिक’ 1955 मध्ये आला. एका निवासी शाळेचा निर्दय मुख्याध्यापक, त्याची हृदयविकाराने दुबळी झालेली पत्नी आणि त्याचीच प्रेयसी ही त्यातली तीन मुख्य पात्रे. दोघी मिळून त्याचा काटा काढायचे ठरवतात, आणि मग शाळेच्या पोहण्याच्या तलावात टाकलेले प्रेतच नाहीसे होते. पत्नीची भूमिका दिग्दर्शकाच्या पत्नीने, व्हेरा क्लूझो यांनी केली होती. मित्रांचा आनंद हिरावून घेऊ नका, त्यांना काही सांगू नका, अशी पाटी शेवटी दाखवली जाई. दोनच वर्षांनी बिली वाइल्डर यांच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ने तोच मार्ग धरला. पत्नी पतीच्या बाजूने साक्ष देणार की विरुद्ध, या एका प्रश्नावर उभा असलेला हा न्यायालयीन चित्रपट संपताच, शेवट कुणाला सांगू नका असा आवाज प्रेक्षागृहात घुमे.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी या विनंतीला नियम केले. ‘सायको’ 1960 मध्ये प्रदर्शित करताना त्यांनी समीक्षकांसाठी आगाऊ खेळ ठेवले नाहीत, आणि चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही अशी अट चित्रपटगृहांना घातली. अमेरिकेत तोवर खेळ सलग चालत. प्रेक्षक मध्येच येऊन बसत आणि आपण जिथे आलो तो प्रसंग पुन्हा आला की उठून जात. सुरुवात आणि शेवट यांचा क्रमच पाळला जात नसेल तर शेवट जपण्याला अर्थ उरत नाही. म्हणून या अटीला जाहिरातीपेक्षा मोठे महत्त्व आहे: चित्रपट पहिल्या चौकटीपासून पाहायची सवय अमेरिकेत रुजवण्यात तिचा मोठा वाटा होता. भारतात ठरलेल्या वेळांचे खेळ असल्याने इथे ही अडचण त्या प्रमाणात नव्हती.

पण याच हिचकॉक यांनी दोन वर्षे आधी नेमके उलटे केले होते आणि या इतिहासात तो प्रयोग सर्वांत मोलाचा ठरतो. ‘ले दियाबोलिक’ची मूळ कादंबरी लिहिणाऱ्या ब्वालो आणि नार्सजाक या जोडीच्याच दुसऱ्या कादंबरीवरून त्यांनी 1958 मध्ये ‘व्हर्टिगो’ काढला. मित्राच्या पत्नीवर पाळत ठेवता ठेवता तिच्या प्रेमात पडलेल्या माजी पोलीस अधिकाऱ्याची ही कथा. कादंबरीने शेवटपर्यंत राखलेले रहस्य हिचकॉक यांनी चित्रपट बराच उरलेला असतानाच प्रेक्षकाला सांगून टाकले. नायकाला मात्र ते ठाऊक नसते. आता काय निघणार हा प्रश्न तिथे संपतो आणि हा माणूस सत्य कळल्यावर काय करील हा प्रश्न सुरू होतो. प्रदर्शनाच्या वेळी अनेकांना हे रुचले नाही. पुढे मत बदलत गेले आणि 2012 मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षक-पाहणीत ‘व्हर्टिगो’ सर्वकाळच्या चित्रपटांत पहिला आला. आपले गुपित स्वतःच उघड करणारा रहस्यपट सर्वांत टिकाऊ ठरावा, यातच गुपिताची मर्यादा दिसते.

मराठी रंगभूमीला ही मर्यादा तेव्हाच उमगलेली होती. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ 1962 मध्ये मो. ग. रांगणेकर यांच्या ‘नाट्यनिकेतन’ने आणले. वेगवेगळ्या नावांनी स्त्रियांशी लग्ने करून त्यांना लुबाडणाऱ्या एका खऱ्या आरोपीच्या खटल्यावर ते बेतलेले होते. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर वेषांमागून वेष पालटत आणि प्रत्येक साक्षीनंतर निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे शांतपणे नकार देत राही. प्रेक्षकाला सत्य पहिल्यापासून ठाऊक असे. तरीही नाटक दशकानुदशके चालले, आणि पाहिलेलेच लोक पुन्हा तिकीट काढत. फसवल्या गेलेल्या बायकांना न्याय मिळतो की नाही याची चिंता, माहीत असलेल्या शेवटाने कमी होत नाही.

मराठी पडद्यावर मात्र खरे गूढ जपणारा चित्रपट दोनच वर्षांनी आला. ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी 1964 मध्ये ‘पाठलाग’ काढला. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलासमोर एक आरोपी स्त्री उभी राहते आणि मी तुमचीच बायको आहे असे सांगते. तिचा चेहरा तोच, आणि संसारातल्या खासगी खुणाही तिला ठाऊक. पतीने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की स्वतःच्या हाताने दिलेल्या अग्नीवर? या पेचाला विवाहाबाहेर जोरच राहणार नाही. राज खोसला यांनी 1966 मध्ये त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ केला. ‘वह कौन थी?’ आणि ‘अनीता’ यांसह साधना यांना घेऊन केलेल्या त्यांच्या तिन्ही रहस्यपटांत ही स्त्री नेमकी कोण हाच धागा आहे. हिंदी प्रेक्षकांनी ‘मेरा साया’ गाण्यांसाठी वारंवार पाहिला आणि रहस्य फुटल्याने त्याचे काही बिघडले नाही. यश चोप्रा यांचा ‘इत्तफाक’ 1969 मध्ये गाण्यांशिवाय आला. ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेल्या या चित्रपटात एक रात्र, एक घर, पळून आलेला आरोपी आणि घरात एकटी असलेली विवाहिता एवढाच पसारा होता. भारतीय प्रेक्षकाला पाश्चात्त्यांना सहसा नसलेली एक सोय होती: मध्यंतर. चहा-वड्याच्या रांगेत अनोळखी माणसेही गुन्हेगार कोण यावर पैजा लावत.

प्रेक्षकांचे मत पुढे चित्रपटाचा शेवटच ठरवू लागले. विवाहबाह्य संबंधांवरचा ‘फेटल अट्रॅक्शन’ 1987 मध्ये चाचणी-खेळांत दाखवला गेला. मूळ शेवट प्रेक्षकांना पटला नाही, म्हणून तो नव्याने चित्रित करण्यात आला. त्यातल्या अभिनेत्री ग्लेन क्लोज यांचा या बदलाला विरोध होता. चित्रपट प्रचंड चालला. पण नव्या शेवटाने एका गुंतागुंतीच्या स्त्रीला निव्वळ राक्षसीण केले, हा आक्षेप अजूनही योग्यच आहे.

जिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’ने हा वाद नव्या पिढीत नेला. कादंबरी 2012 मध्ये आली, आणि फ्लिन यांनीच लिहिलेल्या पटकथेवर डेव्हिड फिंचर यांचा चित्रपट 2014 मध्ये. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी पत्नी नाहीशी होते आणि दूरचित्रवाणी वाहिन्या पतीला दोषी ठरवून मोकळ्या होतात. यातला मोठा धक्का शेवटी येत नाही, तो मध्यावर येतो. त्यामुळे शेवट सांगू नका ही विनंती इथे अपुरी पडते. निम्म्यानंतरचे काहीच सांगता येत नाही. प्रेक्षकांची मते दोन टोकांना गेली. काहींनी ही कथा स्त्रीद्वेषी ठरवली, तर काहींना स्त्रीपात्राला एकदाची पुरुषाइतकीच दुष्ट बुद्धी मिळाल्याचे समाधान वाटले. शेवटावर नाराज होणारेही पुष्कळ होते, कारण तो न्याय देत नाही आणि संसार तसाच चालू ठेवतो. त्या नाराजीतच कथेचे यश आहे.

शेवट आधी कळल्याने खरोखर रस जातो का, याची परीक्षाही झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये बारा लघुकथा वाचकांना देऊन पाहिल्या. शेवट आधी सांगितलेल्यांना त्या एकंदरीत अधिक आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष उलट आले. कथा पहिल्यांदा पाहणे आणि ती पुन्हा पाहणे हे दोन वेगळे आनंद आहेत, आणि पहिला आनंद एकदाच मिळत असल्याने तो दुसऱ्याकडून हिरावून घेणे अन्यायाचे आहे, एवढे मात्र प्रयोगाशिवायही मान्य व्हावे.

या परंपरेचा एक लक्षणीय चित्रपट पुण्यात घडतो. श्रीराम राघवन यांच्या 2018 च्या ‘अंधाधुन’ची कल्पना ‘लाकॉर्दर’ या फ्रेंच लघुपटातून आली. आंधळा म्हणून वावरणारा पियानोवादक लग्नाच्या वाढदिवशी एका माजी नटाच्या घरी वाजवायला जातो आणि तिथे पत्नीच्या गुन्ह्यापुढे उभा राहतो. तब्बू यांनी साकारलेली ही पत्नी या साऱ्या परंपरेतल्या सर्वांत थंड डोक्याच्या स्त्रियांपैकी आहे. चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण लोक बोलत राहिले ते शेवटाविषयी. नायकाने सांगितलेली हकीकत खरी की रचलेली, यावर प्रेक्षकांचे एकमत झाले नाही. त्यामुळे ‘अंधाधुन’ पाहिलेल्याने शेवट सांगितला तरी तो फक्त त्याचा शेवट असतो.