बहात्तरचा दुष्काळ ते बॅटरीचं टर्मिनल

वीस टनांचं पोकलेन बंद पाडायला काय लागतं? इंजिन बसायला पाहिजे, हायड्रॉलिक पंप जायला पाहिजे, निदान साखळी तरी उतरायला पाहिजे, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते कितीतरी वेळा बंद पडतं ते बॅटरीच्या खुंटावर बसणाऱ्या एका टर्मिनलमुळे. मुठीत मावेल एवढा शिशाचा किंवा पितळेचा क्लॅम्प. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त! या आठवड्यात मी त्याच्या मागे लागलो आणि शोधता शोधता थेट बहात्तरच्या दुष्काळापर्यंत जाऊन पोचलो. म्हणून हा लेख.

निमित्त बुलढाण्याचं. २०१८ च्या उन्हाळ्यात भारतीय जैन संघटनेनं 'सुजलाम् सुफलाम्' या नावानं तिथे तलाव, नाले आणि बंधाऱ्यांमधला गाळ काढायचं मोठं काम हाती घेतलं. जेसीबी आणि पोकलेन मिळून १३४ यंत्रं संघटनेची, डिझेल सरकारचं, आणि निघालेला गाळ आपापल्या ट्रॅक्टरनं शेतात नेऊन टाकायचा शेतकऱ्यांनी. जिल्ह्यात तालुके १३, म्हणजे तालुक्यामागे जेमतेम दहा यंत्रं. आणि मुदत कुठली? तर मृगाचा पाऊस. तलावात पाणी आलं की खेळ खलास, उरलेला गाळ पुढच्या वर्षी. अशा हिशोबात एक यंत्र दोन दिवस बसलं तर त्या गावाचं किती नुकसान होतं ते बघा.

आता थोडं मागे जाऊ. १९७२ मध्ये दुष्काळी कामावर यंत्र नव्हतं, माणसं होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, नाला बंडिंग, पाझर तलाव. हत्यारं म्हणजे कुदळ, फावडं, घमेलं. खायला मिलो आणि सुकडी. आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून सुकडीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. त्या कामांचा हेतूच मुळी हाताला काम देण्याचा होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यातसुद्धा ठेकेदार नको आणि मजुराचं काम हिरावणारं यंत्र नको, हे तत्त्व राहिलं. ते चूक होतं असं मुळीच म्हणायचं नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट आपोआप होती. एकाच्या कुदळीचा दांडा मोडला तर एकच माणूस थांबायचा, बाकीचे नऊशे नव्व्याण्णव चालू. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम भलतीच डिस्ट्रिब्युटेड होती :-)

मग यंत्रं आली कधी? तशी फार आधी. स्वातंत्र्यानंतर लगेच केंद्र सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशननं मध्य भारतात कांस गवतानं गिळलेली जमीन मोडायला मोठे ट्रॅक्टर उतरवले. १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला जी अगदी पहिली कर्जं दिली त्यातलं एक, १ कोटी डॉलरचं, याच कामाच्या यंत्रांसाठी होतं. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, पण हे काम मुख्यतः उत्तरेकडच्या भागात झालं.

गंमत म्हणजे त्या पिढीतली बरीच अवजड डिझेल यंत्रं सुरू व्हायला मोठी बॅटरी लागतच नव्हती. कॅटरपिलरचा पहिला डिझेल ट्रॅक्टर १९३१ चा. त्याच्या पोटात आणखी एक छोटं पेट्रोल इंजिन असायचं. आधी ते हातानं फिरवून सुरू करायचं, मग त्याच्या जोरावर मोठं डिझेल फिरवायचं. कटकटीचं, पण बॅटरीची मिजास नाही.

शिसं-आम्लाची बॅटरी त्याच्या कितीतरी आधीची, १८५९ ची. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं ती बनवली. पण तिच्याकडून इंजिन फिरवून घ्यायची युक्ती जमली चार्ल्स केटरिंगला. हा माणूस आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांना विजेची मोटर बसवत होता. गल्ल्याचं खण उघडायला मोटर क्षणभरच चालते, तेव्हा ती छोटी असली तरी तेवढ्यापुरता तिच्यावर बेसुमार भार टाकता येतो, हे त्याला तिथे कळलं. तीच कल्पना १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत सेल्फ-स्टार्टर होऊन आली. हँडल मारता मारता मनगटं मोडून घेणारे ड्रायव्हर सुटले. पण "क्षणभर बेसुमार भार" म्हणजेच क्षणभर बेसुमार करंट. आणि तो सगळा जातो कुठून? त्या टर्मिनलमधून!

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. इंग्लंडात जोसेफ सिरिल बॅमफर्डनं १९४५ मध्ये भाड्याच्या गॅरेजमध्ये धंदा सुरू केला, त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. कंपनी १९७९ मध्ये भारतात आली. पोक्लेन ही मूळची फ्रेंच कंपनी. तिच्या तंत्रज्ञानावर एल अँड टीनं इथे यंत्रं बनवली आणि आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या एक्सकॅव्हेटरला पोकलेन म्हणायची पद्धत पडली. या पोकलेनची बकेट साधारण एक घनमीटरची. बहात्तरच्या मजुराला तेवढी माती खणून भरायला काही तास लागले असते, हे अर्ध्या मिनिटात उचलतं. फक्त सकाळी सेल्फनं इंजिन फिरवलं पाहिजे.

माझा एक मावसभाऊ मेहकरकडे पोकलेनवर ऑपरेटर आहे. त्यानं सांगितलेला किस्सा. सकाळी किल्ली फिरवली, तर नुसतं कट-कट. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ काही उचलत नाही. मालकानं गावातून नवीन बॅटरी आणून बसवली. तरी तेच. शेवटी मिस्त्री आला. भाऊ म्हणतो, "दादा, त्यानं बॅटरीकडं पाह्यलंबी नाही. म्हने, आधी वायरीचं टोक पाय. रबर सोललं तं आतून सगळं हिरवं!"

याचं गणित सोपं आहे. समजा सेल्फला ४०० अँपिअर करंट लागतो. टर्मिनल सैल झालं, त्यावर पांढरा-हिरवा थर चढला, आणि जोडात फक्त ५ मिलिओहम विरोध तयार झाला. ४०० गुणिले ०.००५ म्हणजे २ व्होल्ट तिथल्या तिथे गेले. आणि उष्णता? ८०० वॅट, म्हणजे घरातल्या इस्त्रीएवढी, त्या मुठीएवढ्या जागेत! दिव्यांना मात्र पाच-दहा अँपिअर पुरतात, त्यामुळे ते मजेत लागतात आणि आपली दिशाभूल करतात. म्हणून नुसत्या बॅटरीचे व्होल्ट मोजून उपयोग नाही. सेल्फ मारत असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर आणि दुसरी त्यावरच्या टर्मिनलवर धरायची. तिथे शून्याच्या जवळपास आकडा दिसला पाहिजे. चांगला अर्धा व्होल्ट दिसला तर चोर सापडला.

यावर आपल्याकडचे ठरलेले जुगाड म्हणजे टर्मिनलच्या फटीत खिळा ठोकणे, पत्र्याची चकती घालणे, नाहीतर तारेनं करकचून बांधणे. त्या दिवसापुरतं यंत्र सुरू होतं, हे खरं. पण खिळ्यामुळे जोड दोन-तीन ठिकाणीच टेकतो आणि पुन्हा तापतो. पोकलेनचे हादरे वेगळेच. चालू इंजिनावर जोड सुटला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि नव्या यंत्रांमधला कंट्रोलर जळू शकतो. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलो आणि बिल आलं हजारांत.

मिस्त्रीनं काय केलं? आधी अर्थची, म्हणजे ऋण बाजूची वायर सोडली. (धन बाजू आधी सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून निघालेला हायड्रोजन जवळ साचलेला असू शकतो.) खायच्या सोड्याच्या पाण्यानं खुंट धुतले, कोरडे केले, घासून चकचकीत केले. मग वायर मागे मागे कापत गेला, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. आम्ल तांब्याच्या तारांमधून आत चढत जातं, वरून रबर मात्र धडधाकट दिसतं. वायर अपुरी पडली तर जोड देत बसायचं नाही, अख्खी बदलायची. नवीन टर्मिनल त्याच जाडीच्या वायरचं घेतलं आणि दाबयंत्रानं क्रिंप केलं. नुसतं डाख देऊन भागत नाही. डाख तारांमध्ये वर चढतो, तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. वर हीट श्रिंकची नळी, मग धन बाजू आधी, अर्थ शेवटी, आणि सगळ्यावर व्हॅसलिनचा हात. धन बाजूचा खुंट ऋणपेक्षा दीड-दोन मिलिमीटर जाड असतो, उलट जोडणी होऊ नये म्हणून. धनचं टर्मिनल ऋणवर बसवलं की ते घट्ट होत नाही आणि मग खिळा शोधावा लागतो!

काम पाऊण तासाचं. पण तो मिस्त्री आणि त्याचं दाबयंत्र तालुक्याच्या गावाहून येईपर्यंत दीड दिवस गेला. मधल्या काळात तलावाच्या काठावर ट्रॅक्टर रांगेत उभे. ट्रॅक्टर भाड्याचे, भाडं शेतकऱ्यांच्या खिशातून.

मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. बहात्तरमध्ये दुष्काळाशी लढायची ताकद गावातच होती, कारण ती हातात होती. फावड्याला दांडा बसवणारा सुतार गावचाच. आज ताकद हजारपट झाली, पण ती एका क्लॅम्पवर टेकलेली आणि तो दुरुस्त करणारा तीस किलोमीटर लांब. जेसीबी नको असं म्हणणारा मी नाही. भर उन्हात खडी फोडायला कुणी परत जाऊ नये. पण गाळ काढायचे आराखडे करताना किती यंत्रं, किती तास, किती घनमीटर हे आकडे जसे मांडले जातात, तसा आणखी एक रकाना हवा: दहा यंत्रांमागे एक वायरिंगचा मिस्त्री, त्याच्याकडे क्रिंपिंगचं हत्यार, दोन मीटर जाड वायर आणि डझनभर टर्मिनलं. एका दिवसाच्या डिझेलपेक्षा हे नक्की स्वस्त पडेल.

भावाच्या केबिनमध्ये आता सीटखाली एक डबा असतो. त्यात दोन टर्मिनलं, तेरा नंबरचा पाना, सोड्याची पुडी आणि व्हॅसलिनची डबी. दर सोमवारी तो टर्मिनल हातानं हलवून बघतो. हललं तर काम सुरू करायच्या आधी आवळतो.