कोनिग्सबर्गचा गणित-सेमिनार

व्याख्याने दिली व परीक्षा घेतल्या म्हणजे अध्यापकाचे कर्तव्य संपले, हा समज आपल्याकडे इतका दृढ आहे की, याहून निराळी काही रीत असू शकेल हे सहसा मनातही येत नाही. तशा रीतीचा एक जुना दाखला प्रशियाच्या इतिहासात आढळतो.

तत्त्ववेत्त्या कांटच्या कोनिग्सबर्ग नगरीतील विद्यापीठात १८३४ साली याकोबी व फ्रान्झ नॉयमान या प्राध्यापकांनी गणित व गणिती पदार्थविज्ञान यांचा 'सेमिनार' सुरू केला. कल्पना मूळची भाषापंडितांची. बर्लिनमध्ये विद्यार्थी असता याकोबी हा ब्यॉख या ग्रीकविद्याविशारदाच्या सेमिनारात बसत असे. प्राचीन ग्रंथांचा अर्थ विद्यार्थ्याने स्वतः लावावा व तो गुरूपुढे सिद्ध करावा, अशी ती परंपरा. तीच याकोबीने गणितास लावली. आपले चालू संशोधन तो विद्यार्थ्यांपुढे मोकळेपणी मांडी. नॉयमान त्यांस प्रश्न नेमून देई व मोजमापे करावयास लावी. पुढे त्याने प्रयोगशाळा थाटली, तीही स्वतःच्या घरात!

या सेमिनारात गुस्ताफ किर्खोफ नावाचा विद्यार्थी होता. धातूच्या वर्तुळाकार पत्र्यातून विद्युत्प्रवाह कसा वाहतो, हा प्रश्न त्याने अभ्यासासाठी घेतला. त्यातूनच १८४५ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याने विद्युन्मंडलांचे ते दोन नियम मांडले, जे आज आपल्या कॉलेजांतील मुले मुखोद्गत करतात.

किर्खोफसारखी बुद्धी विरळा, हे खरे. परंतु सेमिनारातील अनेक विद्यार्थी पुढे साधे शाळाशिक्षक झाले. आणि उत्तर स्वतः शोधण्याचा अनुभव त्यांच्याही पदरी होता. पद्धतीचे खरे मोल मला येथे दिसते.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडनच्या नमुन्यावर. परीक्षा घेणे व पदव्या देणे हेच त्यांचे आरंभीचे मुख्य कार्य होते. ते वळण अजून पुरते सुटलेले नाही. दुसऱ्यास कशाला बोल लावू? मीही वर्षानुवर्षे फळ्यावर उदाहरणे सोडवून दाखविली, आणि मुलांनी ती निमूटपणे उतरून घेतली. तास वेळेवर संपे. दोघांनाही समाधान वाटे. मात्र उत्तर मलाही ठाऊक नाही असा एखादा प्रश्न घेऊन मी विद्यार्थ्याशेजारी कधी बसलो नाही, ही खंत आता निवृत्ती जवळ आली असता मनास बोचते.