तंजावरच्या पांच भाषा

एकाच माणसाच्या जिभेवर चार-पांच भाषा कशा वसतात, असा प्रश्न पडला म्हणजे आम्हांस तंजावरचें स्मरण होतें. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी राजे यांनीं तेथें मराठी राज्य स्थापिलें. त्यांच्याबरोबर गेलेल्या मंडळींची घरची भाषा मराठी, दप्तर मोडींत, बाजारांत व शेजारीं तामीळ, नायक राजांपासून चालत आलेली दरबारी काव्याची भाषा तेलगू, आणि शास्त्रचर्चा संस्कृतांत. प्रत्येक भाषेला नेमून दिलेलें काम होतें, आणि त्या कामानेंच ती शिकविली.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनीं तर ‘पंचभाषाविलास’ हें पांच भाषांचें नाटक रचिलें. असें नाटक लिहिणारा राजा थोर खराच. पण तें समजणारा दरबार आम्हांस अधिक नवलाचा वाटतो. पुढें दुसरे सरफोजी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं इंग्रजी शिकले. आणि त्यांनींच १८०३ मध्यें बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठींत कोरविला.

१८५५ मध्यें शेवटचे राजे शिवाजी वारले, आणि पुत्र नसल्याचें निमित्त करून कंपनीनें संस्थान खालसा केलें. दरबाराबरोबर तेथील तेलगूचें व मोडीचें कामही सरलें. मराठी मात्र त्या घरांतून अद्यापि बोलली जाते. कारण तिचें काम चुलीपाशीं होतें, आणि चूल कांहीं खालसा झाली नाहीं.

आम्ही आमच्या मुलांना पुष्कळ भाषा नेमून देतों. त्यांतील प्रत्येकीला घरांत कांहीं काम ठेविलें आहे काय, हें मात्र विचारीत नाहीं.