संपाच्या पोटी जन्मलेला विषय

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत आज वंश आणि वांशिकता या विषयात पदवी घेता येते. एथ्निक स्टडीज हे त्याचं रूढ नाव. विद्यार्थ्यांनी लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन हा विषय पदरात पाडून घेतला.

बीज जुनं होतं. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्तीत घरोघरी फिरून केलेला अभ्यास १८९९ मध्ये ग्रंथरूपाने आला. कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. पण हे काम मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या संस्थांतच वाढलं. बड्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम होते तसेच राहिले.

ठिणगी पडली ती सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने स्टेट कॉलेजांत शाळेतल्या वरच्या एक तृतीयांश मुलांनाच प्रवेश ठेवला आणि कृष्णवर्णीय मुलांची वाट आणखी अरुंद झाली. इथले विद्यार्थी मात्र १९६६ च्या सुमारास स्वतःचं एक्सपेरिमेंटल कॉलेज चालवू लागले होते. कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि कला यांचे वर्ग तिथे भरू लागले. १९६८ मध्ये समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांना ब्लॅक स्टडीजची आखणी करायला बोलावलं, पण विभाग काही उभा राहीना. त्यातच जॉर्ज मरे या इंग्रजीच्या अध्यापकाला निलंबित करण्यात आलं. मरे ब्लॅक पँथर पक्षाचे शिक्षणप्रमुख होते. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी संप पुकारला गेला.

ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या १० मागण्या होत्या. आशियाई आणि लॅटिनो विद्यार्थ्यांना एकत्र आणणाऱ्या थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंटच्या ५. ब्लॅक स्टडीजला २० पूर्णवेळ अध्यापक द्या, अर्ज करणाऱ्या प्रत्येक कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी प्रवेश द्या, आणि अध्यापक कोण नेमायचे, शिकवायचं काय, हे आम्हाला ठरवू द्या. मला ही शेवटची मागणी सर्वांत मोलाची वाटते. आपल्या आजा-पणज्यांचा इतिहास ज्ञानात धरायचा की नाही, हे परक्याने का ठरवावं?

२ डिसेंबरला कॉलेजचे हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा स्वतः आंदोलकांच्या लाउडस्पीकरच्या गाडीवर चढले आणि वायरी उपटून काढल्या. टीव्हीवरून ते दृश्य घराघरांत पोचलं. हायाकावा भाषातज्ज्ञ, जपानी आईबापांचे पुत्र. समोरच्या संपकऱ्यांतही जपानी वंशाची मुलं होती. जानेवारीत शिक्षकांची संघटनाही संपात उतरली. २३ जानेवारीला एकाच सभेतून ४०० हून अधिक जणांना अटक झाली.

मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली. नेमणुकांचा अधिकार विद्यार्थ्यांना मिळाला नाही. मरे आणि हेअर यांना परत घेतलं नाही. पण त्याच वर्षी कॉलेजात एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र विद्यालय उघडलं. कृष्णवर्णीय, आशियाई-अमेरिकी, अमेरिकी इंडियन आणि ला राझा म्हणजे लॅटिनो असे त्याचे चार विभाग होते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातही अशाच संपानंतर स्वतंत्र विभाग मिळाला.

हा वारसा टिकवायला झगडावंच लागलं. अॅरिझोनाने २०१० मध्ये कायदा करून टुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकी अभ्यासक्रम बंद पाडला. त्यामागे वांशिक आकस होता, असा निवाडा न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. उलट कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये आपल्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या पदवी विद्यार्थ्यांना या विषयाचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याच विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला.

या लढ्याशी आपलंही नातं आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. दलित पँथरच्या चळवळीचे ऋण मानणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी सॅन फ्रान्सिस्कोचा हा संप वर्गात शिकवायला हवा. अभ्यासक्रमात आपलं नाव नाही म्हणून खट्टू होणाऱ्या मुलाला, तो बदलता येतो आणि बदलणारे त्याच्याच वयाचे होते, हे कळलंच पाहिजे.