मोसंबीच्या ऱ्हासाची जमिनीखालची बाजू

मराठवाड्यातल्या मोसंबीचा इतिहास बहुधा दुष्काळाच्या सालांनी मोजला जातो. २०१२-१३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांत बागाच्या बागा वाळल्या, पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. ते दुःख खरेच आहे. पण या ऱ्हासाला जमिनीखालचीही एक बाजू आहे आणि ती रोपवाटिकेत सुरू होते. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमीचे वर्णन अमेरिकी शास्त्रज्ञ कॉब यांनी १९१३ मध्ये केले. १९६१ मध्ये ती उत्तर प्रदेशात असल्याची नोंद झाली. आज जगातल्या बहुतेक मोसंबी-संत्रा पट्ट्यांत ती आढळते. मातीतून स्वतःच्या बळावर फार थोडे अंतर कापणारा हा जीव देशोदेशी पोहोचला, तो कलमांच्या मुळांतून आणि पिशवीतल्या मातीतून.

बाधित झाडाची बारीक मुळी उपटून पाण्यात हलवली, तरी तिच्यावरची माती सहज सुटत नाही. मादीने अंड्यांभोवती सोडलेला चिकट स्राव मातीचे कण धरून ठेवतो. अशी मुळी पाणी आणि अन्नद्रव्ये कमी उचलते. पाने लहान होतात, शेंडे वाळतात, फळ बारीक राहते. बागा पाण्याअभावी गेल्या, सूत्रकृमीला दोष कशाला, असे कोणी विचारील. पाणी कमी पडले आणि डिंक्यासारख्या रोगांनीही नुकसान केले, हे मान्यच. पण असलेले पाणी झाडाला मिळते ते मुळ्यांमार्फतच. बहारासाठी दिलेला ताण तोडताना ज्या झाडाची पांढरी मुळी आधीच खचली आहे, त्याला दुष्काळ अधिक जड जातो.

यावर जगाने आधी विषाचा मार्ग धरला. १९५० च्या दशकात बाजारात आलेल्या डीबीसीपी या रसायनामुळे कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातले कामगार वंध्य झाल्याचे १९७७ मध्ये उघड झाले आणि १९७९ मध्ये अमेरिकेने त्याचा बहुतेक वापर थांबवला. भारतात फोरेट या विषारी कीडनाशकाचा वापर २०२० अखेर बंद झाला. दुसरी वाट पेरू देशात सापडली होती: पॅसिलोमायसिस लिलॅसिनस ही बुरशी सूत्रकृमीच्या अंड्यात तंतू घुसवून आतला जीव खाते, हे जटाला आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवले. आज ही बुरशी, ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे 'बायोमिक्स' हे उपयुक्त सूक्ष्मजीवांचे मिश्रण मराठवाड्यात हळद-अद्रकीच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले आहे.

जैविक उपाय सावकाश चालतो आणि कोरड्या, तापलेल्या जमिनीत ही बुरशी टिकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. उभ्या, खचलेल्या बागेत एकदा आळवणी करून चमत्काराची वाट पाहणाऱ्याची निराशाच होते. पण यातून जैविक उपाय निरुपयोगी ठरत नाही, तो उशिरा आणि चुकीच्या जागी वापरला जातो, एवढेच सिद्ध होते. रोपवाटिकेत माती थोडी असते, ओल आणि सावली हाताशी असते. पिशवीत भरण्याआधी तीच माती उन्हात प्लास्टिकखाली तापवून तिच्यात कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड आणि मित्रबुरशी मिसळता येते. शत्रू पिशवीतून शेतात आला, तर मित्रही त्याच पिशवीतून आला पाहिजे. म्हणून कलम विकताना जातीच्या शुद्धतेइतकीच सूत्रकृमीमुक्त मुळांची हमी बंधनकारक व्हावी. नव्या बागेवर खर्च करणाऱ्या शेतकऱ्याचा तो हक्क आहे.